चाकोरी

आमचा आणि मोटारगाडीचा संबंध एस.टी.च्या तिकिटापलीकडे फारसा कधी गेला नाही. शाळेत जायला एक जुनी दुचाकी आहे, तीही धाकट्या भावाने भंगारातून उचलून चालती करून दिलेली. अशा माणसाने स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांविषयी लिहावे, याची वाचकांना गंमत वाटेल. आम्हालाही वाटली होती. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस आमच्या घरात याच एका विषयाची चर्चा होती, आणि त्या चर्चेत आमचे एक जुने देणे वर आले. ते अजून फिटलेले नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या एका खेड्यातले. उर्दू माध्यमाच्या शाळेत रियाजी, म्हणजे गणित, शिकवतो. धाकटा आमच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याचे गॅरेज मलकापूरला, महामार्गाला लागून. या महामार्गाला पूर्वी सहा नंबर म्हणायचे. सरकारी कागदात तो आता त्रेपन्न झाला, पण जुनी माणसे अजून सहाच म्हणतात. दोन्ही बाजूंना पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, कमानपाटे बसवणारे, डिझेल पंपवाले. आमच्या शाळेतून दहावीच्या आधी गळालेली पोरे कुठे जातात, हे पाहायला कोणत्या तक्त्याची गरज नाही. या रस्त्याने संध्याकाळी एक चक्कर मारली तरी पुरते. ग्रीसने काळे झालेले हात कपाळाला लावून ती "सलाम, सर" म्हणतात आणि आम्ही मान खाली घालून पुढे जातो.

त्या दिवशी धाकटा रात्री जेवायला आला तो हातात एक खोका घेऊन. दस्तरखानावरून उठल्यावर त्याने खोका उघडला. आत अॅल्युमिनियमच्या दोन जाड चकत्या होत्या. भाकरीपेक्षा थोड्या लहान, मध्ये मोठे भोक, भोवती पाच लहान भोके. सोबत लांब बोल्टांची पिशवी.

"हे काय?"

"स्पेसर. चाक आणि हब यांच्यामध्ये बसवतात. जेवढी चकती जाड तेवढं चाक बाहेर येतं. भाईजान, एक हिसाब आहे. माझा मी लावलाय, पण तुम्ही एकदा पाहा."

आमच्या भावाने आमच्याकडे हिसाब आणला, असे त्याच्या शाळा सोडण्यानंतर पहिल्यांदाच घडत होते.

गाडी होती ऑडी टीटी. दोन दारांची, बसकी, पाठीला कासवासारखी गोल. जर्मन कंपनीची ही गाडी पहिल्यांदा १९९८ साली आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे उत्पादन कायमचे थांबले. आपल्या जिल्ह्यात ती कोणाकडे असेल असे आम्हाला वाटले नव्हते. पण पुण्याला शिकून आलेल्या एका तरुणाने ती जुनी विकत घेतली होती. त्याच्या घरी ठेकेदारीचा धंदा. त्यांचे टिप्पर आणि ट्रॅक्टर धाकट्याकडेच दुरुस्तीला येत. त्याची तक्रार एवढीच की मागची चाके मडगार्डच्या आत गेलेली दिसतात, गाडी मागून बारीक वाटते. त्याने मोबाइलवरून पंचवीस मिलिमीटरचे स्पेसर मागवले आणि ते धाकट्याच्या हातात दिले. शुक्रवारी गाडी तयार हवी, समृद्धीवर काढायची आहे.

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. याच रस्त्यावर सिंदखेडराजा तालुक्यात १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बस पेटून २५ माणसे गेली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी "समृद्धीवर काढतो" म्हणाला की घरातली बाई एकदा त्याच्याकडे पाहतेच. अम्मीनेही पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजवर गेलो. धाकट्याने गाडी सपाट फरशीवर उभी केली होती. त्याच्या हातात गवंड्याचा ओळंबा. मडगार्डच्या कडेपासून तो खाली सोडला, दोरी स्थिर होऊ दिली, आणि दोरीपासून टायरच्या सर्वांत बाहेरच्या फुगीर भागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. डावीकडे चोवीस मिलिमीटर. उजवीकडे एकवीस.

"असं कसं? जर्मन गाडी ना?"

"गाडी कोणाचीही असो, सांगाडा आणि चाकं कधीच अगदी मधोमध नसतात. त्यात ही जुनी. म्हणून जी बाजू कमी ती धरायची. एकवीस."

एकवीसमध्ये पंचवीस बसत नाही, हे तर पहिलीच्या पोरालाही कळेल. चाक चार मिलिमीटर बाहेर डोकावले असते, गाडी खड्ड्यात दबली की मडगार्डची कड टायरवर बसली असती. मग एकवीसच का नाही? धाकटा म्हणाला, वळणावर टायर बाजूला सरकते, रबरी बुश दबतात, मागे दोन माणसांचे सामान असते. पाच-सहा मिलिमीटरची जागा हातची ठेवावी लागते. स्पेसर तीन, पाच, आठ, दहा, बारा, पंधरा, वीस अशा मापांत मिळतात. म्हणजे पंधरा. त्याने हे सगळे तोंडी केले होते. वहीत फक्त शेवटचा आकडा होता, आणि त्याखाली दोन रेघा.

मग त्याने चाक काढून आतली बाजू दाखवली. तिथे कोरलेले होते: साडेआठ जे, अठरा इंच, ईटी ५०. साडेआठ इंच रुंदी, अठरा इंच व्यास हे समजले. ईटी हे एका लांबलचक जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप. चाकाच्या रुंदीचा मध्य काढा. हबला टेकणारा भाग त्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते मिलिमीटरमध्ये म्हणजे ईटी. पन्नास आहे म्हणजे चाक बरेच आत बसलेले. पंधराचा स्पेसर घातला की पन्नासातून पंधरा वजा, ईटी ३५ चे चाक बसवल्यासारखे झाले. दोन्ही बाजूंना पंधरा, म्हणजे दोन चाकांतले अंतर तीस मिलिमीटरने वाढले.

"अब्बा ट्रॅक्टरचं चाक उलटं करायचे ना, तेच हे," तो म्हणाला.

हे ऐकून आम्ही थबकलो. अब्बा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची तबकडी बशीसारखी खोलगट असते. ती एका बाजूने बसवली की चाक आत, उलटी बसवली की बाहेर. रिम आणि तबकडी यांचे जोड बदलले की बऱ्याच ट्रॅक्टरांत चार-चार इंचांच्या टप्प्यांनी दोन चाकांतले अंतर कमीजास्त करता येते. कपाशीच्या ओळी किती अंतरावर आहेत, तूर मध्ये किती तास सोडून आहे, त्याप्रमाणे अब्बा अंतर ठरवत. चाक ओळींच्या मधून चालले पाहिजे, पिकावरून नव्हे. उलटे करताना डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे न्यावे लागते, नाहीतर टायरच्या गोट्यांची दिशा उलटी होऊन मातीत पकड राहत नाही. आम्ही त्या वेळी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेले असायचो. जॅक धरायला धाकटा असायचा. सहा-सात वर्षांचा असेल. तो काय शिकतो आहे याकडे आमचे कधी लक्ष गेले नाही.

मराठीत चाकोरी हा सुंदर शब्द आहे. पावसाळ्यात काळ्या मातीतून बैलगाड्या गेल्या की दोन खोल रेघा पडतात, त्या वाळल्या की मागून येणारी प्रत्येक गाडी त्यातूनच जाते. गावचा सुतार दोन चाकांतले अंतर बदलत नाही, म्हणून चाकोरी टिकते. एखाद्याची गाडी दोन बोटे जास्त रुंद झाली तर एक चाक रेघेत आणि दुसरे बांधावर, गाडी तिरकी. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात पोरांना "चाकोरीबाहेर विचार करा" म्हणून सांगतो. उर्दूत "लकीर का फकीर" होऊ नका म्हणतो. चाकोरीबाहेर म्हणजे किती बाहेर, हे मात्र आम्ही कधी मोजून सांगितलेले नाही.

पुढची गोष्ट धाकट्याने खोक्यातल्या चकतीवर दाखवली. त्याने शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर व्हर्नियरने मोजले. पासष्ट पूर्णांक आठ. मोबाइलवर त्याला एक पूर्णांक सातने गुणले. एकशे बारा आले.

"पाच भोकांचं वर्तुळ ११२ चं. गाडीचंही ११२. इथपर्यंत बरोबर आहे."

"एक पूर्णांक सात कुठून आणलंस?"

"उस्तादने सांगितलं होतं. पाच भोकं असतील तर समोरासमोर भोक नसतं, व्यास थेट मोजता येत नाही. मग शेजारच्या दोन भोकांतलं अंतर गुणिले १.७. का, ते त्यालाही माहीत नव्हतं."

आम्ही जमिनीवरच खडूने वर्तुळ काढले. पाच बिंदू, दोन शेजारच्या बिंदूंमध्ये ७२ अंश. मध्यापासून त्यांच्या जोडरेषेवर लंब टाकला की कोन अर्धा होतो, ३६. मग जोडरेषा म्हणजे व्यास गुणिले साइन ३६. साइन ३६ म्हणजे ०.५८७८. उलट केले की १.७०१. धाकटा उकिडवा बसून पाहत होता. त्याने बोट लावून प्रत्येक पायरी विचारली. शेवटी म्हणाला,

"हे शाळेत कोणत्या जमातीत येतं?"

"साइन, कोसाइन नववी-दहावीत."

"मग बरोबर आहे. माझ्यापर्यंत आलंच नाही."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटले नव्हते. बसला तो बसला, पुढे चकतीकडे वळला. आमच्या हातात खडू तसाच राहिला.

त्याचे खरे म्हणणे वेगळेच होते. चकती बसते, पण ती बसायला नको. पाच भोकांचे ११२ चे वर्तुळ मर्सिडीजच्याही बऱ्याच गाड्यांना असते. मात्र हबच्या मधला जो गोल उंचवटा असतो, ज्यावर चाकाचे मधले भोक घट्ट बसते, तो या गाडीचा ५७.१ मिलिमीटर आणि मर्सिडीजचा ६६.६. पाठवलेल्या चकतीचे मधले भोक ६६.६ चे होते. फरक साडेनऊ, म्हणजे चारही बाजूंनी पावणेपाच मिलिमीटरची पोकळी. चाकाचा मर्कज, त्याचे केंद्र, धरून ठेवणारे काहीच उरले नाही. नुसत्या पाच बोल्टांच्या भरवशावर चाक टांगलेले. केसाएवढे जरी ते केंद्रापासून सरकले तरी वेगात थरथर सुरू होते, आणि ती थरथर बोल्ट सैल करत जाते.

आणि बोल्टही चुकीचे. या गाडीच्या मूळ बोल्टचे डोके चाकात जिथे टेकते तो भाग चेंडूसारखा गोल असतो. पिशवीतले बोल्ट शंकूसारखे निमुळते. गोल खळग्यात शंकू बसवला तर तो फक्त एका बारीक रेघेवर टेकतो. पान्याला वाटते घट्ट झाला, पण झालेला नसतो. बोल्टची लांबीही स्पेसरच्या जाडीइतकीच वाढलेली हवी. कमी पडली तर आटे पुरत नाहीत. चौदा मिलिमीटर जाड, दीड मिलिमीटर आट्याच्या बोल्टला हबमध्ये किमान साडेसात वेढे मिळाले पाहिजेत. धाकटा ते हाताने फिरवत मोठ्याने मोजतो. जास्त लांब झाला तर टोक आतल्या भागांना घासते. नंतर हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करायचा, बोल्ट एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे आवळायचे, १२० न्यूटन-मीटरवर थांबायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे. आम्ही हे ऐकत असताना मनात म्हटले, आमच्या वर्गात एका धड्याची इतकी तयारी आम्ही शेवटची कधी केली होती?

"पण याने फायदा काय होतो?" आम्ही विचारले.

त्याचा हिसाब त्याने आमच्याकडे मागितला होता तो हाच. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांकडे सरकते. किती सरकते, ते गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आणि दोन चाकांतले अंतर किती, यावर ठरते. अंतर वाढले की सरकणे त्या प्रमाणात घटते. मागचे अंतर सुमारे १,५५० मिलिमीटर धरले, त्यात तीस वाढले, तर फरक जेमतेम दोन टक्के. दुसऱ्या बाजूला तोटा मांडला. एका मागच्या चाकावर साडेतीनशे किलो भार धरला, तर पंधरा मिलिमीटरने भाराची रेषा बाहेर गेल्याने बेअरिंगवर सव्वापाच किलो-मीटरची जादा मुरड आली. पंचवीसला पावणेनऊ. ही मुरड नुसत्या उभ्या गाडीची. खड्ड्यात ती कैक पट. आणि आपल्या जिल्ह्यात खड्डा शोधायला लांब जावे लागत नाही. दांडा लांब झाल्याने स्प्रिंगही थोडी नरम वागते. सहावीतल्या तरफेचाच नियम.

"म्हणजे दोन टक्के फायद्यासाठी एवढं?"

"फायदा दिसण्याचा आहे, भाईजान. दिसण्यालाही किंमत असते. मी नाही म्हणत नाही. स्पेसर वाईट चीज नाही. पोर्शेवाले स्वतः काही गाड्यांना कारखान्यातूनच देतात. पण ते आधी गाडीवर तपासून देतात. आपण खोका उघडून देतो."

रात्री आम्ही या गाडीची माहिती वाचली. टीटीची पहिली पिढी बाजारात आल्यावर युरोपात मोठ्या वेगात लेन बदलताना मागची बाजू सुटून अपघात झाले, माणसे गेली. कंपनीने १९९९ च्या अखेरीपासून गाड्या परत बोलावल्या. मागे हवेने गाडी उचलली जाऊ नये म्हणून छोटा स्पॉयलर लावला, घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली, सस्पेन्शनमध्ये बदल केले. पाठीचा तो सुंदर गोल उतार बिघडला म्हणून तेव्हा काही जण हळहळले होते. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही मागच्या चाकांचा हिसाब पुन्हा लावावा लागला. मालकाकडचे मॉडेल पुढचे, सुधारलेले होते. पण धडा तोच होता, आणि आम्ही तो सकाळी धाकट्याला सांगितला. तो म्हणाला, "मग ते लोक चूक मान्य करून परत बोलावतात, हे चांगलं आहे."

कायद्याची बाजूही पाहिली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी चाकच पाहील. आम्ही हे वाचून दाखवल्यावर धाकटा बराच वेळ गप्प बसला. पंधराचा बरोबर स्पेसर, बरोबर भोक, बरोबर बोल्ट मागवायचे, असे त्याने ठरवले होते. मालकही राजी राहिला असता, कामही राहिले असते. टिप्पर आणि ट्रॅक्टरचे काम म्हणजे त्याच्या गॅरेजचा हप्ता.

"मग किती घालायचा?" त्याने विचारले.

"हिसाबाने पंधरा. कायद्याने शून्य."

"हं. मग शून्य."

शुक्रवारी मालक आला. आम्ही मुद्दाम थांबलो होतो. धाकट्याने त्याला ओळंबा लावून दाखवला, मधले भोक दाखवले, दोन बोल्ट शेजारी ठेवून गोल आणि शंकू दाखवला. कायदाही सांगितला. एक शब्द कमी-जास्त नाही. आमच्या बी.एड.च्या पाठ-निरीक्षणात यापेक्षा चांगला पाठ आम्ही दिला नव्हता. तरुण चांगल्या घरचा, उद्धट नव्हता. पण त्याच्या मनातले चित्र आधीच ठरलेले होते. "गाडी माझी आहे, मिस्त्री. तुम्ही फक्त बसवा." धाकटा म्हणाला, "साहेब, हात माझे आहेत ना." खोका घेऊन तो निघून गेला. पुढच्या महिन्यात टिप्पर आले नाहीत, ट्रॅक्टर आले नाहीत.

आता त्या देण्याविषयी.

२०१० साली आम्ही बी.एड.ला लागलो. तेव्हा तो कोर्स एका वर्षाचा होता. फीचे पैसे घरात नव्हते. अम्मीच्या बांगड्या गेल्या, तरी कमी पडले. धाकटा नववीत होता. मलकापूरचे एक उस्ताद त्याला गॅरेजवर ठेवायला तयार होते, महिन्याला थोडे पैसे देणार होते. अब्बांनी ठरवण्याआधी आम्हाला विचारले, "तू शिकलेला आहेस. तूच सांग, हा पुढे चालेल का?" आम्ही धाकट्याची गणिताची वही उघडली. उत्तरे बरोबर होती, पण पायऱ्या नव्हत्या. तोंडी केलेले. आम्हाला वाटले, कुणाचे तरी पाहून लिहिले. आम्ही म्हणालो, "याचं डोकं रियाजीत चालत नाही. काम शिकू द्या."

हे आम्ही म्हणालो. अब्बा आज नाहीत, त्यामुळे ते वाक्य ऐकलेली माणसे तीनच उरली आहेत: अम्मी, धाकटा आणि आम्ही. त्या वाक्यात खोटेपणा किती आणि गरज किती, हे आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारले. त्याने शाळा सोडली तर आमची फी भरता येत होती. आमच्या मताला वजन होते, आणि ते वजन आमच्याच बाजूला सरकले. गरिबाच्या घरात दोन पोरांतून एक निवडावे लागते, हे खरे आहे. आपल्या समाजात अशी घरे मोजायला बसलो तर वह्या पुरणार नाहीत. पण निवडताना त्याला नालायक ठरवण्याची गरज नव्हती. "पैसे नाहीत" एवढे म्हणता आले असते. ते आम्ही म्हणालो नाही.

गॅरेजच्या जमिनीवर साइन ३६ काढताना आम्हाला तीच वही दिसत होती. उत्तर बरोबर, पायऱ्या नाहीत, खाली दोन रेघा.

त्या रात्री आम्ही त्याला हे सांगितले. सोळा वर्षांनी. तो हसला. "मला आठवतं. वाईट वाटलं होतं. मग काम आवडायला लागलं." आम्ही म्हटले, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे, आम्ही शिकवतो. तो म्हणाला, "आता नको, भाईजान. शाळेच्या दारात अजून भीती वाटते." रोज एवढ्या अवजड गाड्यांखाली झोपून काम करणारा माणूस हे म्हणत होता.

पावसाळ्यात एकदा ती टीटी आम्ही मलकापूरच्या पुलाजवळ पाहिली. मागची चाके बाहेर आलेली. चांगली दिसत होती, खोटे कशाला बोला. धाकट्याला सांगितले तर त्याने लगेच मोबाइल काढला आणि त्या मालकाला फोन लावला. "साहेब, दर शंभर किलोमीटरला बोल्ट तपासून घ्या. कुठेही घ्या, माझ्याकडेच असं नाही. स्टिअरिंग किंवा सीट थरथरली तर तिथेच थांबा." समोरून काय उत्तर आले कळले नाही.

"त्याने तुझं काम बंद केलं आणि तू त्याला फोन करतोस?"

"त्या रस्त्याने तुमच्या शाळेची पोरं चालतात," तो म्हणाला.

शाळा सुरू झाल्यावर आठवीला वर्तुळाचा धडा आला. उर्दूत व्यासाला कुत्र म्हणतात. मराठीशी ओळख असलेली आमची पोरे दरवर्षी या शब्दाला हसतात, आणि हसण्यात धडा निघून जातो. यंदा आम्ही धाकट्याला म्हटले, एक चकती हवी. त्याने भंगारातून पाच भोकांची जुनी ब्रेक डिस्क काढली, घासूनपुसून चकचकीत केली आणि सकाळी शाळेवर घेऊन आला. फाटकापाशी दुचाकी थांबवली. आम्ही म्हटले, आत ये, तूच सांग पोरांना. त्याने मान हलवली. डिस्क आमच्या हातात दिली.

"१.७ सांगा त्यांना. पण कुठून आलं तेही सांगा."

"अजून दहावीला वेळ आहे त्यांना."

"सगळी कुठे पोचतात दहावीला?"

त्याची मुलगी आमच्याच शाळेत चौथीत आहे. ती फाटकातून आत पळाली. तो तिच्याकडे पाहत होता. मग गाडीला किक मारता मारता म्हणाला, "भाईजान, ती पण हिसाब तोंडीच करते. पायऱ्या लिहीत नाही. रागावू नका तिला, नुसतं विचारा, कसं केलंस म्हणून."

आम्ही आठवीच्या वर्गात गेलो आणि डिस्क टेबलावर ठेवली. बत्तीस पोरे उठून भोवती आली. कोणी पट्टी लावली, कोणी बोट घातले. आम्ही फळ्याकडे वळलो नाही. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याला आम्ही जूनपासून उभेही केले नव्हते, तो म्हणाला, "सर, समोर भोकच नाही. मग कुत्र मोजायचा कसा?"

कोणी हसले नाही. आम्ही त्याच्या हातात खडू दिला.